सुप्याचे कान

डॉ. शाल्मली मगदूम काम करताना गुणगुणायची, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच होतं.

तिची प्रयोगशाळा इचलकरंजीत, एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होती. माग केव्हाच मोडीत गेले होते. त्यांच्या जागी गणनायंत्रांच्या उंच मांडण्या उभ्या होत्या आणि मधोमध पितळी कड्याचं एक गोल रिंगण होतं. छतावरच्या प्रकाशशलाकांनी त्या रिंगणात एक प्राणी उभा केला होता. रेड्याएवढा, भुरा, ढेरपोट्या, आखूड पायांचा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना धान्य पाखडायच्या सुपाएवढे कान. म्हणून नाव सुप्या.

सुप्या हा मायाजीव होता. मायाजीवाला हाडामांसाचं काही नसतं. गणनायंत्रात विणलेला एक जाळमेंदू असतो, आणि लोकांना दिसावं म्हणून त्याला प्रकाशाचं अंग दिलेलं असतं. गावोगावच्या मैदानांत आता या मायाजीवांच्या दंगली होत. नियम साधा होता. ज्याचा पाय आधी रिंगणाबाहेर पडेल तो हरला. प्रत्येक जीवाला गणनाशक्तीचे शंभर कण मिळत, आणि त्याला शिकवणाऱ्या वस्तादानं ते बळ, चपळाई, दमसास, नजर, स्मरण आणि श्रवण यांत वाटायचे. एका गुणाला जास्त दिलं की दुसरा उपाशी राही.

ही वाटणी कशी करावी ते सांगणारा एक ग्रंथ होता, ‘गुणनीती’. वस्तादांच्या घरी तो देव्हाऱ्याशेजारी असायचा. त्यातले आकडे लोक डोळे मिटून उचलत. आणि त्यात कोणत्याही जीवाचं पान उघडा, श्रवणापुढे एकच आकडा दिसे. शून्य.

शाल्मलीनं सुप्याला श्रवणाचे वीस कण दिले होते. कोणी कारण विचारलं तर ती सांगे, “मी दिवसभर गाते. समोरचा ठार बहिरा असला की मला कसंतरीच होतं.” शास्त्रज्ञानं द्यावं असं हे कारण नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

त्या दिवशी ‘गुणनीती’चे कर्ते स्वतः शेडमध्ये आले होते. डॉ. श्रीरंग देवस्थळी, पुण्याचे. शाल्मली त्यांची विद्यार्थिनी. सर उंच, सडसडीत आणि शांतताप्रिय. त्यांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या भिंतींना आतून कापसाच्या गाद्या लावलेल्या होत्या. त्यांचा वज्रनख हा मायाजीव ‘गुणनीती’तल्या आकड्यांवर तंतोतंत विणलेला, आणि गेली कित्येक मैदानं मारत आलेला.

“हरला किती वेळा?” सरांनी सुप्याकडे चष्म्यावरून बघत विचारलं.

“मोजायचं सोडलं ओ साहेब आम्ही,” प्रकाशशलाकांची देखभाल करणारे इलाहीचाचा मोमीन शिडीवरूनच बोलले. “पण हरला कसा ते इचारा. हुपरीला समोरचा वस्ताद आपल्या गड्याला म्हनला ‘झेप’. दोघंबी झेपावले! हवेतच टक्कर. शिरोळला तर कहर केला यानं. समोरचा म्हनला ‘मागं सर’. त्याचा गडी सरला चार पावलं. आमचं ध्यान मागं सरत सरत रिंगणाबाहेर, आन् वर शेपूट हलवतंय!”

शाल्मलीला हसू आवरेना. सर मात्र गंभीर होते.

“शाल्मली, दंगली भरवणाऱ्या महामंडळानं मला मुद्दाम पाठवलंय. ‘गुणनीती’बाहेरचं वाटप एकाच वर्षापुरतं चालवून घेतात. वर्षअखेरचं कोल्हापूरचं मैदान सुप्यानं मारलं तर तो आहे तसा राहील. नाहीतर फेरवाटप.”

फेरवाटप म्हणजे जाळमेंदू टाका न् टाका उसवायचा आणि नव्या आकड्यांनी पुन्हा विणायचा. अंग तेच राहतं. शिकलेलं काहीही राहत नाही. सुप्या शाल्मलीचं गाणं ओळखायचा, ती आली की उजवा कान आधी उभारायचा आणि मग डावा. उसवल्यावर तो कुणाचंच काही ओळखणार नव्हता.

“सर, एक विचारू?” ती म्हणाली. “श्रवणाला शून्यच का?”

“कारण दंगलीत त्याचा उपयोग नाही. वस्ताद गळ्यातल्या आज्ञाकंठीत हुकूम बोलतो, कंठी तो थेट स्वतःच्या जीवाच्या मेंदूत पोचवते. त्यासाठी कान लागत नाहीत. गणनायंत्रात मी कोट्यवधी दंगली लावून पाहिल्या. श्रवणाला दिलेला प्रत्येक कण वाया गेला.”

“बरं. आणि वज्रनखाची चपळाई एक्केचाळीस का? चाळीस का नाही?”

“कारण बाकीचे सगळे चाळीस देतात. एक कण जास्त दिला की पहिला वार आपला.”

“पण सगळे चाळीस का देतात?”

“मागच्या आवृत्तीत चाळीस होती.”

“म्हंजे फुडल्या आवृत्तीत बेचाळीस?” शिडीवरून प्रश्न आला.

“अर्थात.”

“आन् जनावरं फुडं पळून पळून जानार कुठं साहेब? रिंगण तर तेवढंच हाय.”

सरांनी शिडीकडे पाहिलं, मग शाल्मलीकडे. “हे नेहमीच असे बोलतात का?”

“मागांच्या खडखडाटात वाढलेत, सर. मनातलंसुद्धा मोठ्यानं बोलतात.”

सर जाताना सुप्याजवळ क्षणभर रेंगाळले. त्यानं उजवा कान उभारला, मग डावा. सर काही बोलतील म्हणून वाट पाहिली. सरांनी घसा खाकरला, आणि न बोलता निघून गेले. जीवांशी बोलायची त्यांना सवयच नव्हती. ते हुकूमसुद्धा कंठीत बोलत नसत. तळहाताएवढ्या छोट्या कळपाटीवर टाइप करत.

त्यानंतर शाल्मलीनं सुप्याच्या खुळेपणाचा नीट विचार केला. मायाजीव शब्द शिकतो तो करून. ‘झेप’ ऐकलं, झेप घेतली, की शब्द मेंदूत विणला जातो. मग तो शब्द कुणीही उच्चारो, त्याच्या लेखी तो हुकूमच. कंठीतून एक हुकूम आला आणि कानावर दुसरा, तर जो मागाहून आला तो खरा. म्हणजे सुप्या खुळा नव्हता. तो जगातल्या सगळ्यांचं ऐकत होता, एवढंच.

त्याला शिकवायची गोष्ट एकच होती. आपलं कोण आणि परकं कोण.

त्यासाठी तिनं इलाहीचाचांना समोरच्या बाजूला उभं केलं. चाचा बेंबीच्या देठापासून हुकूम ओरडत, “झेप! उजवीकडं! मागं सर!” आणि त्याच वेळी शाल्मली आपला हुकूम गाऊन देई. तिची आक्का जात्यावर नाही, मागावर ओव्या म्हणायची. ती चाल शाल्मलीच्या गळ्यात मुरलेली होती. शिवाय अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा कोणी वस्ताद हुकूम गाऊन देत नव्हता.

डाव्या अंगाला सरक, डाव्या अंगाला सावली,
उजवीकडून आला वारा पिसाट पावली.

पहिले काही दिवस सुप्या दोघांचंही ऐकून जागच्या जागी गरगर फिरला. मग एकदा चाचा “झेप!” म्हणून गरजले आणि सुप्यानं नुसतं वळून त्यांच्याकडे पाहिलं. पाहुणा काय म्हणतोय ते कळतंय, पण आपल्याला नाही सांगत तो, अशा नजरेनं. चाचांचा घसा बसला होता, तरी त्यांनी टाळ्या पिटल्या. वेगवेगळे आवाज ऐकले म्हणूनच त्याला आपला आवाज सापडला होता. मग शिकवायचं एवढंच राहिलं, की परका जिकडून ये म्हणेल तिथून आधीच बाजूला व्हायचं.

संध्याकाळी सराव संपला की ती शेवटची ओवी म्हणायची, आणि सुप्या डुलत डुलत कडं ओलांडून बाहेरच्या ऊर्जाकोशावर जाऊन बसायचा. ते त्याचं घर.

चल घराकडं चल, दारी लावला रे दिवा,
वाट बघून थकला अंगणातला पारवा.

कोल्हापूरचं मैदान भरलं तेव्हा चारी बाजूंनी माणसं दाटली होती. हलगी कडाडत होती, फेटे उडत होते, भेळवाल्यांच्या हाका चालू होत्या. सुप्या रिंगणात आला तसा हशा उसळला. “अरं, हत्तीचं पिल्लू आलं! पंचांनी गाठोडं चुकून आत टाकलं काय?”

पहिल्याच कुस्तीत समोर सातारचा एक लखलखीत बिबट्या होता. त्याचा वस्ताद ओरडला, “डावीकडनं घूस!” बिबट्या विजेसारखा डावीकडून आला. आणि सुप्या तिथं नव्हताच. वस्तादाच्या तोंडून ‘डावी’ बाहेर पडताच तो आपल्या आखूड पायांनी आरामात बाजूला झाला होता. बिबट्याला थांबता आलं नाही. तो सुप्यासमोरून सरळ रिंगणाबाहेर गेला.

मैदान असं काही ओरडलं की हलगीवाल्याचा ताल चुकला.

दुसऱ्या कुस्तीत तेच, तिसऱ्यातही तेच. समोरच्यांचे हुकूम सुप्याच्या कानांवर आधी पडत, त्यांच्या जीवांचे पाय नंतर हलत. जिंकल्यावर शाल्मली ‘चल घराकडं’ म्हणायची आणि तो डुलत बाहेर मांडलेल्या आपल्या ऊर्जाकोशावर यायचा. ती ओवी मैदानाला इतकी आवडली की तिसऱ्या वेळी बायकापोरंही तिच्याबरोबर म्हणू लागली. अंतिम कुस्ती पुढच्या रविवारी ठरली. सुप्या विरुद्ध वज्रनख.

सर तिला मैदानामागच्या उसाच्या गुऱ्हाळाशी भेटले. हातात रसाचा पेला होता, पण प्यायचं भान नव्हतं.

“तो ऐकतो,” सर म्हणाले. “समोरच्याचे हुकूम ऐकतो!”

“हो, सर.”

“मग माझ्या कोट्यवधी दंगलींत हे का दिसलं नाही? एकातही नाही?”

“त्या दंगली लढलं कोण, सर?”

“गणनायंत्र. दोन्ही बाजूंनी तेच. हुकूम आकड्यांत जायचे, आवाजाचा प्रश्नच—” सर थबकले. “आवाजच नव्हता.”

“मुक्या जगात कानाला शून्यच किंमत येणार. तुमचं गणित चुकलं नाही. तुम्ही ज्या जगाचं गणित केलंत तिथं कोणी ओरडतच नाही. इथं बघा.” तिनं हात केला. गुऱ्हाळावर दोन म्हातारे आजच्या कुस्तीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि दोघांचाही आवाज पंचगंगेपलीकडे जात होता.

सर हसले. मनापासून हसले, तिनं त्यांना असं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग त्यांचे डोळे बारीक झाले. “ठीक आहे. आठ दिवस आहेत माझ्या हाताशी. मीही वज्रनखाला कान देतो.”

“सर!”

“का? फेरवाटप मला मना आहे का? आणि माझे हुकूम तुझ्या सुप्याला ऐकूच येणार नाहीत. मी टाइप करतो.”

शाल्मलीला कळलं, की सुप्याला वाचवणारी युक्ती आता त्यालाच बुडवणार होती. वज्रनखाला तिच्या ओव्या ऐकू येणार, आणि सुप्याला समोरून काहीच नाही.

“कशावर शिकवणार त्याला?” तिनं विचारलं.

“तुझ्या कुस्त्यांच्या ध्वनिफितींवर. माझ्या गाद्यांच्या खोलीत रात्रंदिवस तुझा आवाज लावतो. दुसरा एक शब्द कानावर पडू देणार नाही, म्हणजे गोंधळ नको. तू ‘डाव्या अंगाला’ म्हणालीस की सुप्या काय करतो, ते तो करून करून शिकेल. जुने डाव काय, एका दिवसात परत भरता येतात.” त्यांनी रस एका घोटात संपवला. “रागावू नकोस गं. तूच शिकवलंस मला.”

रागवावं असा चेहराच नव्हता त्यांचा. नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखे ते निघून गेले.

रविवारी वज्रनख रिंगणात आला. काळाभोर, लांबोडका, अंगभर पोलादी चमक. आणि डोक्यावर दोन नवे कोरे टोकदार कान. कानांसाठी बळातून आणि दमसासातून कण काढले होते. चपळाईला सरांनी हात लावला नव्हता. पलीकडे सर कळपाटी घेऊन उभे. ओठ घट्ट मिटलेले.

कुस्ती लागली. सरांची बोटं हलली. वज्रनख कसलाही इशारा न देता सुटला आणि सुप्याला अशी धडक बसली की तो कड्याकडे गडगडत गेला. मैदान हळहळलं. दुसरी धडक. सुप्याचे कान चारी दिशांना वळत होते, पण समोरून शब्द नव्हताच. मागचा पाय पितळी कड्याला टेकला. अजून एक धडक, आणि मग फेरवाटप.

वज्रनखानं झेप घेतली. प्रत्येक कुस्तीआधी सुप्याला बसवायची ओवी शाल्मलीच्या तोंडून आपोआप निघाली:

बैस बैस माझ्या राजा, बैस मांडी घालूनिया,
आला धुरळा जाईल वरवर उडूनिया.

सुप्या मटकन बसला.

आणि वज्रनखही बसला. अर्ध्या झेपेतून खाली येऊन, पाय नीट दुमडून, शहाण्या मुलासारखा, सुप्याच्या नाकासमोर.

मैदानात कोणाला काही कळेना. पंच वाकून बघू लागले. सरांनी घाईघाईनं कळ दाबली, वज्रनख उठला. शाल्मलीनं ‘बैस बैस’ पुन्हा म्हटलं, तो पुन्हा बसला. सरांनी परत कळ दाबली.

आता तिला उमगलं. एकच आवाज ज्यानं आयुष्यभर ऐकला, त्याला तो परका कसा वाटावा? सुप्यानं चाचांचं ओरडणं ऐकलं होतं, म्हणून त्याला तिचा आवाज आपला ठरवता आला. वज्रनखाशी पुण्यात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. त्याच्या कानांना ठाऊक असलेलं एकमेव माणूस ती होती.

पण यानं कुस्ती कशी जिंकायची? ‘झेप’ म्हणावं तर दोघं झेपावणार. ‘बैस’ म्हणावं तर दोघं बसणार. आणि गाणं थांबलं की सरांची कळ. जे सांगेल ते दोघंही करणार असतील, तर त्यांच्यात फरक राहिला कशाचा?

गुणवाटपाचा.

तिनं एकदा अंतर पाहिलं. कड्याला टेकलेला सुप्या, आणि त्याच्यासमोर, कड्यापासून बराच आत वज्रनख. सुप्याची चपळाई नऊ. त्याला बाहेर पडायला एक पाऊल पुरे होतं. तिनं आधी ‘डाव्या अंगाला सरक’ सुरू केलं. दोघं तिच्या डाव्या हाताला, म्हणजे आतल्या बाजूला सरकले. ती ओळ संपू न देताच पुन्हा सुरू करत तिनं दोघांना रिंगणाच्या मधोमध आणलं, शेजारी शेजारी, शाळेला निघालेल्या भावंडांसारखं. सरांची बोटं कळपाटीवर नाचत होती, पण प्रत्येक कळेमागून ओवीचं पुढचं अक्षर येत होतं, आणि मागाहून येणारं ते खरं.

मग तिनं दम घेतला आणि घरची चाल लावली.

चल घराकडं चल, दारी लावला रे दिवा…

सुप्या वळला. डुलत डुलत निघाला.

वज्रनखानं कान उभारले आणि तो सुटला! सगळ्या राज्यात सर्वांत चपळ असलेला जीव, एक्केचाळीस कणांच्या वेगानं, घराकडे. वाट बघून थकलेल्या पारव्यापर्यंत ओवी पोचलीसुद्धा नव्हती, तोवर तो कडं ओलांडून सुप्याच्या ऊर्जाकोशावर जाऊन बसला होता. सुप्या अजून निम्म्या वाटेत. शाल्मलीनं “थांब रे!” म्हणेपर्यंत त्यानं जेमतेम तिसरं पाऊल उचललं होतं.

पहिला पाय वज्रनखाचा. पंच एकमेकांशी कुजबुजू लागले, नियम चाळू लागले. पण सरांनी कळपाटी खाली ठेवली आणि सुप्याकडे बोट करून हात उंच केला. मग हलगीनं मैदान डोक्यावर घेतलं. इलाहीचाचांना कुणीतरी खांद्यावर घेतलं, आणि ते वरून विचारत होते, “मी काय केलं? मी नुसता बोंबललो!”

गर्दी पांगल्यावर अडचण कळली. वज्रनख उठेना. सुप्याच्या घरात तो ऐसपैस पसरला होता आणि शाल्मलीकडे एकटक बघत होता. सुप्या त्याच्या शेजारी अंग चोरून बसला होता. पाहुण्याला जागा द्यावी तशी.

सर जवळ आले. “पुढच्या आवृत्तीत श्रवणापुढे काय लिहू?” त्यांनी विचारलं. “वीस लिहिले तर उद्या सगळे वीस देतील.”

“देऊ देत की. पण नुसते कण देऊन काय होणार सर? त्या कानांशी कुणी बोलावं लागेल.”

“याच्याशी मी काय बोलू?” सर हळू आवाजात म्हणाले, चाचांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “मला ओव्या येत नाहीत.”

“येतं ते म्हणा.”

सर वज्रनखासमोर उकिडवे बसले. घसा खाकरला. इकडे तिकडे पाहिलं. मग गणिताच्या त्या मोठ्या पंडितानं, लहानपणी शाळेत म्हणायचे त्याच हेलकाव्यात, अडखळत सुरुवात केली.

“बे एके बे… बे दुणे चार…”

वज्रनखानं शाल्मलीवरची नजर काढली. एक नवा कोरा कान सावकाश सरांकडे वळला. बे पंचे दहापर्यंत दुसराही वळला.